पुसेगावात पद्माबाई नावाची बाई नाही

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

माझ्या कामाची दखल पुण्यापर्यंत गेली आहे, म्हणून आजपासून नवी वही.

सकाळी ११.२० ला सेनगाव तहसीलसमोरच्या माझ्या टपरीवर एक बाई आल्या. डॉ. प्रियदर्शनी. मूळच्या हिंगोलीच्या, आता पुण्यात एका संस्थेत शास्त्रज्ञ. बायकांच्या स्तनाचा कर्करोग काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या का येतो, आणि ज्यांना होतो त्यांच्यापैकी कुणाचा परत उलटेल, कुणाचा नाही, हे आधी सांगता येईल का, असा त्यांचा विषय. आपल्या जिल्ह्यातल्या नऊ कुटुंबांच्या वंशावळी त्यांना पाहिजेत. तहसीलमध्ये विचारलं तर सगळ्यांनी एकच नाव सांगितलं म्हणे.

सांगणारच. वारस फेरफार असो की जातीचा दाखला, सव्वीस वर्षांत मी १,१४२ वंशावळी लिहिल्या. शिक्षण नववी नापास. मोडी स्वतः शिकलो, संगणक स्वतः शिकलो. एकही वंशावळ तहसीलदारानं परत पाठवलेली नाही. मी पेन्सिल वापरत नाही. ज्याला पुढं खोडायचं असतं तो पेन्सिल वापरतो.

मॅडमनी नमुन्याला एक वंशावळ मागितली. दोन मिनिटं पाहून म्हणाल्या, "काका, यात बाया कुठं आहेत?"

मी म्हणालो, "वंशावळ आहे मॅडम."

त्या हसल्या. काहून हसल्या ते कळलं नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

हिंगोलीत मॅडमकडे शिकवणी. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आजार झाला असेल तर आतून काळं भरायचं. मयत असेल तर वरून तिरपी रेघ. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. नावांची यादी वेगळी, कुलपात. गुप्ततेच्या कागदावर माझी सही झाली, कोमलची पण. कोमल माझी एकुलती एक मुलगी, वय २४, बीसीए. टपरीवरचा संगणक तीच चालवते, म्हणून माहिती भरायचं काम तिच्याकडे.

मॅडमनी हातात पेन्सिल दिली. मी परत दिली.

एक गोष्ट नीट समजली नाही. मॅडम म्हणाल्या, हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि दर लेकराला निम्मी शक्यता. मी लिहून घेतलं: निम्मा हिस्सा. मग विचारलं, तीन लेकरं असली तर निम्म्याचे तीन भाग का?

"हिस्से पडत नाहीत काका. ज्याला आला त्याला पूर्ण आला, ज्याला नाही त्याला काहीच नाही. प्रत्येक लेकराच्या वेळी नव्यानं ठरतं."

वारशाचा असा न्याय मी कोणत्याच कायद्यात वाचलेला नाही. दुसरं, त्या म्हणाल्या की पुरुषाला बहुतेक वेळा काही होत नाही, पण तो पुढं देऊ शकतो. इथं मॅडमची चूक होत असावी. ज्याच्या नावावर सातबाराच नाही तो पुढं काय लावून देणार? बाकी लोक बसले होते म्हणून टोकलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हट्टा, ता. वसमत. कुटुंब क्र. ७. एसटी ४५ मिनिटं उशिरा.

घरात ग्यानोबा, वय ७६, आणि त्यांची मुलगी ज्योती, वय ३९. ज्योतीचं ऑपरेशन नांदेडला झालं आहे, डोक्याला स्कार्फ, जीभ तिखट. तिच्या रक्तात मॅडमना तो बदल सापडला आहे. ग्यानोबांची आई ह्याच आजारानं गेली. बहीणही गेली.

मी सेनगावहून आलो एवढंच सांगितलं. खेड्याचं नाव सांगितलं की लोक माहिती हलकी देतात. पण ग्यानोबांनीच विचारलं, "पुसेगाव तुमच्याच तालुक्यात ना? आमची पद्मा तिथंच देल्ती."

मी पुसेगावचाच, पण मधेच बोललो नाही. रकाने भरले. नाव: पद्मा. मृत्यू: १९७८, वय अंदाजे २६, हट्ट्यालाच, माहेरी. अपत्य: मुलगा एक. पतीचे नाव?

"ते नाव मी तोंडातून काढत न्हाई. आजारी पडली तशी गाडीत घालून आणून टाकली. ती गेली आन वरीस व्हायच्या आत त्यानं दुसरी केली. लेकरू आणाया गेलो तर आम्हाला काठ्या दाखविल्या."

मी लिहिलं: पतीचे नाव — सांगण्यास नकार.

ज्योती मधेच म्हणाली, "तुमी बोलता बोलता मान अशी काहून झटकता? आमचे बाबा झटकतात तशी."

मला ते आवडलं नाही. काम चालू असताना अंगावर बोलू नये. निघताना मी सांगितलं की पुसेगावचा शोध दोन दिवसांत लावून देतो. त्या गावात मला न सापडणारं माणूस नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पुसेगावात पद्माबाई नावाची बाई नाही.

ग्रामपंचायतीचं मृत्यू रजिस्टर १९७५ ते ८२ पाहिलं. जुन्या मतदार याद्या पाहिल्या. मग डोक्यातूनच गावातल्या सगळ्या घरांची यादी केली आणि त्या सुमारास तरुणपणी गेलेल्या सुना उतरवल्या. एकूण पाच. एक विहिरीत पडून, एक बाळंतपणात, दोन कावीळ. पाचवी आमच्याच घरची, नर्मदाबाई, माझी आई. मी चार वर्षांचा होतो, तापानं गेली. एकीचंही नाव जुळत नाही. पाचही बाद.

म्हातारा गाव विसरला असावा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

खात्रीसाठी मंजुळा आत्याला विचारलं. माझ्या वडिलांची, सोनाजींची सख्खी बहीण, वय ८३, आमच्या शेजारीच राहते. गावातली हट्ट्याकडची पद्मा म्हणून कुणी आठवते का, एवढंच विचारलं. आत्या दाळ निवडत होती. हात थांबला.

"तुला कुनी सांगितलं?"

"काम आहे सरकारी." सरकारी नाही, पण तसं म्हटलं की लोक बोलतात.

"जुनं कशाला उकरतो, संत्या? च्या घेतो का?" आणि उठून आत गेली ती आलीच नाही. वीस मिनिटं थांबलो. वयामुळे तिचं आता काही खरं नाही.

संध्याकाळी कोमल कुटुंब ७ चा कागद भरत होती. बराच वेळ तिची बोटं हललीच नाहीत. मग म्हणाली, "बाबा, आजीचं माहेर कोणतं?"

"वारंगा. तुला माहीत नाही?"

"ती न्हाई. पहिली. तुमची सख्खी आई."

"परभणीकडची होती म्हणतात."

त्या रात्री ती जेवली कमी. तिची आई म्हणाली, लग्नाचा विषय निघाल्यापासून पोरगी अशीच करून राहिली. हिंगोलीच्या स्वप्निलकडचे लोक ३० तारखेला येणार आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमना फोनवर कळवलं: कुटुंब ७ ची पुसेगाव शाखा अस्तित्वात नाही, नोंद चुकीची आहे.

मॅडम म्हणाल्या, "काका, लग्नात नाव बदललं असेल ना तिचं?"

मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक "बघतो" म्हणालो.

माझ्या बायकोचं माहेरचं नाव चंद्रकला. मीच ताटात तांदूळ पसरून अंगठीनं त्यात संगिता लिहिलं होतं. वंशावळीत पुरुषाची दोन नावं असली तर मी न चुकता 'ऊर्फ' घालतो. दगडू ऊर्फ दत्तात्रय, असं. बाईला ऊर्फ घालायची वेळ सव्वीस वर्षांत आली नाही. १,१४२ कागद, आणि हे एका पुण्याच्या बाईनं सांगावं. चूक इतकी साधी आहे की राग कुणावर काढावा कळत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

यादी पुन्हा काढली. नावाचा रकाना झाकला. उरले तीन निकष: अंदाजे १९७८, वय पंचविशीत, मागं एक मुलगा. विहिरीतली बिनलेकराची. बाळंतपणातलीचं बाळही गेलं. काविळीच्या दोघींना मुलीच.

पाचवीबद्दल चौकशी करायचं कारण मला दिसत नाही. ती परभणीकडची होती आणि हट्टा हिंगोली जिल्ह्यात आहे. शिवाय ती तापानं गेली. शिवाय मृत्यू रजिस्टरात तिचं नाव पुसेगावात नाहीच, म्हणजे ती कुठं वारली याचा पुरावा नाही.

हे वाक्य मी तीनदा वाचलं. काहीतरी चुकतं आहे, पण कुठं ते सापडत नाही.

कोमल चहा घेऊन आली. यादी तिनं पाहिली असावी. म्हणाली, "बाबा, १९७८ ला हट्टा कुण्या जिल्ह्यात होतं?"

परभणी. हट्टा परभणीत, सेनगाव परभणीत, पुसेगाव परभणीत. आपला जिल्हा १ मे १९९९ ला झाला. मी स्वतः कितीतरी अर्जांत ते दुरुस्त करून दिलं आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आत्या बोलली. मी काही विचारलं नाही, नुसता जाऊन बसलो. दाळीचं सूप मधे होतं.

"तिचं पद्माच व्हतं. लग्नात नर्मदा केलं, आमच्या आईनं ठिवलं. लई हासरी व्हती." मग बराच वेळ नुसते खडे वेचले. "तू अडीच वर्साचा हुईस्तोवर अंगावर पेत व्हता. पन उजव्याच बाजूला. डाव्या बाजूला तिच्या गाठ व्हती, तिथं तुला लावू देत नव्हती, दुखायचं. आमी म्हनायचो, पोराला एकच बाजू गोड लागती."

"मला ताप सांगितला तुम्ही."

"चार वर्साच्या लेकराला आनखी काय सांगायचं?"

"पुढं तरी."

"पुढं तू कवा इचारलं?"

हे खरं आहे. माझ्या स्वतःच्या वंशावळीत, जी मी कोर्टात दाखल केली आहे, तिच्या जागी एवढंच आहे: 'नर्मदाबाई (मयत)'. वारसात काही फरक पडत नव्हता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवस टपरी उघडली नाही. हिशेब लावून पाहतो आहे. मॅडमची चूक नसेल असं धरलं, म्हणजे पुरुष पुढं देऊ शकतो असं धरलं, तर आईकडून माझ्यात यायची शक्यता निम्मी. माझ्याकडून कोमलमध्ये, निम्म्याची निम्मी. म्हणजे पाव. पण मॅडम म्हणाल्या हिस्से पडत नाहीत. मग पाव म्हणजे काय? पाव आजार नसतो. की चारपैकी एक कोमल? कोमल तर एकच आहे.

मला काही त्रास नाही. वय ५१, वजन ६८, साखर नॉर्मल. माझ्या अंगात कुणीतरी बसलं आहे आणि मला त्याचा पत्ता नाही, हे पटत नाही.

३० तारखेला पाहुणे आहेत. मी ठरवलं आहे. कुटुंब ७ चा कागद बंद करतो: पद्मा, मुलगा एक, पुढे निर्वंश. कुणाला कळणार नाही. संगिताही तेच म्हणाली, "लग्न होऊन जाऊ द्या, मग काय ते बघा."

२६ नोव्हेंबर, बुधवार

कोमलनं कागद भरायला नकार दिला.

"बाबा, हे मी टाइप करत न्हाई."

"मी सांगतो ते लिही. वंशावळ मला शिकवू नको."

"निर्वंश लिहिलंय तुमी. म्हंजे तुमी न्हाई. मी पण न्हाई." तिनं खुर्ची वळवली. "मॅडमला मी बोललेय. नाव नाही घेतलं कुणाचं, नुसतं विचारलं. आधी बापाचं रक्त तपासायचं. बापात नसंल तर मुलीत असायचा प्रश्नच न्हाई, सुटलो. असंल तर मग मुलीचं. आणि वेळेवर कळलं तर दरवर्षी तपासणी असती, गाठ बारीक असतानाच सापडती. ज्योतीताईची लवकर सापडली म्हणून तिचं बरं चाललंय. आजीची कुणी पाहिलीच न्हाई. तुमचं एक बोट भरून रक्त, बाबा. तेवढंच अडलंय."

"आणि पाहुणे?"

"पाहुण्यांचं मी बघते."

"तू काय बघणार? हे गावभर झालं म्हणजे—"

"गावभर व्हायच्या आधी मला तर कळू द्या."

मी तिला तोंड सांभाळून बोल म्हणालो. खरं तर ती सांभाळूनच बोलत होती. खोटी वंशावळ मी आयुष्यात लिहिली नाही, हे मी लोकांना किती वेळा ऐकवलं आहे. लिहिलेला कागद अजून टेबलावरच आहे. फाडला नाही, दिलाही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पाहुणे आले नाहीत. त्यांचा फोन आला की पुढचं बघू. कोमलनं स्वप्निलला काय सांगितलं, मला माहीत नाही. त्यानंतरही त्याचा फोन दोनदा आला, ती अंगणात जाऊन बोलली, एकदा हसलीही. संगिता देवघरासमोर बसून आहे. घरात कोण कुणावर नाराज आहे ते मला नीट सांगता येत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

हट्ट्याला गेलो. कामाची पिशवी नेली नाही, त्यामुळे हाताचं काय करावं कळेना.

ग्यानोबा ओसरीवर होते. मी म्हणालो, "मागं मी सेनगावहून आलो असं सांगितलं. मी पुसेगावचा."

"बरं."

"सोनाजीचा मुलगा."

मग त्यांनी मान झटकली. मी प्रथमच नीट पाहिली. डावीकडे, एकदाच, कानावरची माशी उडवावी तशी.

"ज्योते," त्यांनी आत हाक मारली, "पानी आन. पद्माचं पोरगं आलंय."

एक्कावन्नाव्या वर्षी मला कुणी पोरगं म्हणालं. बसलो तिथंच.

ज्योती तांब्या घेऊन आली. "तरीच. मान झटकली तवाच मला वाटलं व्हतं. मग, दादा, इतक्या वर्सांनी आईच्या हिश्श्याचं वावर मागाया आलाव का?"

"हक्कसोड लिहून देतो. आत्ता."

"वावराचं द्या. ह्याचं हक्कसोड होत न्हाई," तिनं स्वतःच्या छातीकडं बोट केलं, "मी मॅडमला इचारून पाह्यलं." आणि हसली. हसताना खोकली. बापानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिनं तो झटकून टाकला.

आईचा फोटो नाही. मामांनी तिचा एक पाटा दाखवला, वरवंटा हरवलेला. मी काय बघावं हे न कळून त्याची लांबी-रुंदी पाहत राहिलो. दीड वीत बाय एक.

निघताना ज्योती म्हणाली, "पोरगी हाय ना तुमाला? किती वर्साची?"

"चोवीस."

"मग इथं काय करून राहिलाव?"

८ डिसेंबर, सोमवार

हिंगोली. सकाळी १०.१०. रक्त दिलं. बोटाचं नाही, दंडाचं, दोन नळ्या. कोमल सोबत होती.

फॉर्म मीच भरला. आईचं नाव: पद्मा ऊर्फ नर्मदाबाई. टेबलावरची मुलगी म्हणाली, एकच नाव लिहा काका, रकाना लहान आहे. मी म्हणालो, रकाना मोठा करा.

निर्वंश लिहिलेला कागद एसटी स्टँडवर फाडला. चार तुकडे केले, मग सोळा.

मॅडमना शेवटी विचारलंच, की ज्याला आजार नाही तो पुढं कसा देतो. त्यांनी पंधरा मिनिटं समजावलं. चित्र काढलं. मी मान हलवली. अर्धं समजलं.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

माझ्यात आहे. ज्योतीत जो बदल, तोच, त्याच जागेवर.

मॅडमनी खोलीचं दार लावून सांगितलं, सल्ला देणाऱ्या एक डॉक्टर पण होत्या. मला स्वतःला काय काय तपासत राहायचं ते कागदावर लिहून दिलं. तो कागद आता सापडत नाही. माझ्याकडून कागद हरवला, हे प्रथमच.

बाहेर कोमल बाकावर होती. माझ्याकडं पाहून उठली, पर्स संगिताच्या हातात दिली आणि बाही वर करत आत गेली.

९ जानेवारी, शुक्रवार

कोमलचा अहवाल चार आठवड्यांनी. मॅडम म्हणतात, आला तरी आजार झाला असं नाही, आणि नाही आला तर विषय संपला. दोन्ही वाक्यं मी लिहून ठेवली आहेत. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

आज कुटुंब ७ चा कागद नव्यानं काढला, मोठ्या पानावर. वर ग्यानोबा मामांची आई, काळा गोल, तिरपी रेघ. खाली मामा, चौकोन, मधे एक टिंब. ज्योती, काळा गोल, रेघ नाही. मामांच्या शेजारी पद्मा ऊर्फ नर्मदाबाई, काळा गोल, तिरपी रेघ. नियमाप्रमाणं नाव लिहायचं नसतं. लिहिलं. मॅडमना द्यायची प्रत वेगळी करीन. तिच्याखाली मी, चौकोन, मामांसारखंच मधे टिंब. दोष आहे पण आजार नाही याची ती खूण.

माझ्याखालची रेघ ओढली आणि थांबलो. कोमल समोर बसून शेंगा सोलत होती.

"कोमल, तुझ्याकडं पेन्सिल आहे का?"

तिनं ड्रॉवरमधून काढून दिली. मी गोल काढायला टेकवणार तेवढ्यात तिनं मनगट धरलं.

"गोल पेनानं काढा, बाबा. मी तर हाय ना. आतलं काय ते पेन्सिलीनं."

पेनानं काढला. एका दमात. पेन्सिल बाजूला ठेवली आहे.